ड्रोन सिम्युलेटर: नवशिक्यांच्या फ्लाइट मोडमधील अडचणी व उपाय

फवारणीचा ड्रोन शिकताना सुरुवातीचा सराव संगणकावरील सिम्युलेटरवर करतात. तेथे ड्रोन पडला तरी खर्च येत नाही. मात्र फ्लाइट मोड नीट बसवलेले नसतील तर हाताला चुकीची सवय लागते. उद्या १० लिटरची भरलेली टाकी घेऊन ड्रोन वाऱ्याबरोबर सरकला आणि तणनाशकाचे थेंब शेजारच्या द्राक्षबागेवर किंवा कापसावर गेले, तर ती सवय महागात पडते. म्हणून सरावापूर्वी मोडची तपासणी करावी.

मोड समजून घ्या

- स्टॅबिलाइझ: उजवी स्टिक सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो. उंची मात्र थ्रॉटलने आपणच सांभाळावी लागते.
- अल्टिट्यूड होल्ड: थ्रॉटल मध्यावर असताना उंची कायम राहते, जागा कायम राहत नाही. वाऱ्याबरोबर ड्रोन सरकतो.
- जीपीएस मोड (लॉइटर): उंची आणि जागा दोन्ही कायम राहतात. नवशिक्यांना हाच सर्वांत सोपा वाटतो.

ही नावे कंपनीनुसार बदलतात. आपल्या ड्रोनच्या माहितीपुस्तिकेतील नावांशी ती जुळवून घ्यावीत.

नेहमीच्या अडचणी

१. स्विच फिरवला तरी मोड बदलत नाही.
सिम्युलेटरमधील चॅनेलची पट्टी उघडून स्विच फिरवावा. पट्टी हलत नसेल तर रिमोटवर तो स्विच चॅनेलला जोडलेला नाही. पट्टी हलते पण मोड चुकीचा लागतो, तेव्हा आकडा पाहावा. आर्डुपायलट प्रणालीत या चॅनेलचे सहा भाग असतात. तीन टप्प्यांच्या स्विचवर साधारण १०००, १५०० आणि २००० असे आकडे येतात व त्यावर पहिला, चौथा आणि सहावा मोड लागतो. चौथ्या मोडची हद्द १४९१ पासून सुरू होते. रिमोटचे कॅलिब्रेशन बिघडून मधला आकडा १४८० आला तर तिसरा मोड लागतो. अशा वेळी कॅलिब्रेशन पुन्हा करावे.

२. स्टिकला हात न लावता ड्रोन एका बाजूला सरकतो.
प्रथम ट्रिम शून्यावर आणावेत आणि कॅलिब्रेशन तपासावे. नंतर सिम्युलेटरमधील वारा बंद करून पाहावा. वारा बंद करताच सरकणे थांबले तर दोष नाही. जीपीएस नसलेल्या मोडमध्ये असे होणारच. ते ट्रिमने झाकू नये.

३. मोड बदलताच ड्रोन खाली येतो किंवा उसळतो.
अल्टिट्यूड होल्डमध्ये थ्रॉटलचा मध्य म्हणजे 'आहे त्या उंचीवर थांब'. स्टॅबिलाइझमध्ये तीच स्टिक थेट मोटरची ताकद ठरवते. ड्रोन तरंगत ठेवण्यासाठी थ्रॉटल साधारण कुठे लागतो ते आधी ओळखावे. स्टिक तेथे आणूनच मोड बदलावा.

४. गेमपॅडवर स्टॅबिलाइझ मोड जमत नाही.
गेमपॅडची स्टिक सोडली की स्प्रिंगमुळे मध्यावर येते, म्हणजे थ्रॉटल निम्म्यावर जातो. या मोडच्या सरावासाठी थ्रॉटल जागेवर राहणारा रिमोट वापरावा.

५. मोटर सुरू होत नाहीत.
थ्रॉटल पूर्ण खाली आहे का ते पाहावे. जीपीएस मोड निवडलेला असेल तर उपग्रहांकडून स्थान निश्चित होईपर्यंत थांबावे. पडद्यावरील सूचना वाचल्याशिवाय सुरक्षा तपासणी बंद करू नये.

६. डावीकडे ढकलले की ड्रोन उजवीकडे जातो.
ड्रोनचे तोंड आपल्याकडे असेल तर हे स्वाभाविक आहे. तोंड पुढे असतानाही असेच होत असेल तर चॅनेल उलटा आहे. ही दुरुस्ती सिम्युलेटरच्या सेटिंगमध्येच करावी. प्रत्यक्ष ड्रोनचा रिमोट वापरत असाल तर सिम्युलेटरसाठी वेगळी मॉडेल मेमरी ठेवावी, अन्यथा शेतातील ड्रोनचे चॅनेलही उलटे होतील.

सरावाचा क्रम

जीपीएस मोडमध्ये हात बसला की बरेच जण तेथेच थांबतात. खरी अडचण जीपीएस गेल्यावर येते, कारण तेव्हा ड्रोन जागा धरू शकत नाही आणि चालक गोंधळतो. म्हणून पुढील सराव जरूर करावा.

- सिम्युलेटरमध्ये हलका वारा सुरू करावा.
- ड्रोन दूर असताना जीपीएस मोडमधून अल्टिट्यूड होल्डमध्ये यावे.
- आधी सरकणे थांबवावे, मग ड्रोन परत आणून ठरलेल्या जागी उतरवावा.
- ड्रोनचे तोंड आपल्याकडे ठेवूनही हाच सराव करावा.

सलग दहा वेळा न पाडता हे जमले, तरच पुढे जावे.

शेतात जाण्यापूर्वी

प्रत्यक्ष ड्रोनवर मोडचा स्विच तपासताना पाती काढून ठेवावीत. सिम्युलेटरवरील सराव म्हणजे परवाना नव्हे. ड्रोन नियम २०२१ नुसार फवारणीच्या ड्रोनसाठी मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळवावे लागते. पहिली उड्डाणे मोकळ्या रानात, विजेच्या तारांपासून दूर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावीत. त्या वेळी टाकीत औषध भरू नये.