दहा प्रश्न, सात दिवस : बाळंतिणीच्या मनाची नोंद कशी सुरू झाली?

१८५८ साली पॅरिसमध्ये लुई-व्हिक्टर मार्से या तिशीच्या वैद्याने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गर्भवती, नवप्रसूत आणि स्तनदा स्त्रियांचे वेड हा त्याचा विषय. या क्षेत्रातला हा पहिला सविस्तर ग्रंथ मानला जातो. पण त्यातील स्त्रिया कोण, हे पाहा. उन्माद, भ्रम, तीव्र विषण्णता यांनी ग्रासलेल्या. ज्यांचे दुखणे कोणाच्याही नजरेतून सुटणे शक्य नव्हते अशा. जी बाई बाळाला पाजते, घरचे सारे करते आणि दुपारी पाळण्याशेजारी बसून कारण न कळता रडते, ती दप्तरात येत नव्हती. आजचा धागा तिच्याविषयी आहे.

तिची मोजदाद व्हायला शंभरहून अधिक वर्षे जावी लागली. १९६८ मध्ये लंडनच्या ब्राइस पिट यांनी रुग्णालयात बाळंत झालेल्या सर्वसामान्य स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ११ टक्के मातांत नैराश्य आढळले.

पुढचे नाव जॉन कॉक्स. १९७०च्या दशकात हे मनोविकारतज्ज्ञ युगांडात होते. तेथील गांडा समाजात बाळंतपणाशी जोडलेल्या एका आजाराला ‘अमाकिरो’ असे स्वतंत्र नावच होते! शिवाय तेथील साध्यासुध्या मातांतही त्यांना नैराश्य दिसले. ‘ही पाश्चात्त्य बायकांची दुखणी’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

स्कॉटलंडमध्ये परतल्यावर त्यांच्यापुढे अगदी व्यावहारिक अडचण उभी राहिली. नैराश्य मोजणाऱ्या तेव्हाच्या प्रश्नावल्या थकवा, झोप, वजन यांविषयी विचारत. रात्रीतून चारदा उठणारी कोणती बाळंतीण ‘मी थकत नाही’ म्हणेल? त्या मापाने निम्मे प्रसूतिगृह आजारी ठरले असते. म्हणून कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सॅगोव्स्की यांनी शारीरिक लक्षणे जवळजवळ वगळली. झोपेचा प्रश्न ठेवला, पण दुःखामुळे झोप उडते का, अशा रूपात. माझ्या मते या साधनाचे सारे शहाणपण या एका बदलात आहे.

१९८७ मध्ये ‘एडिनबर्ग प्रसूतिपश्चात नैराश्य मापनश्रेणी’ प्रसिद्ध झाली. प्रश्न दहा, प्रत्येकाला ० ते ३ गुण, कमाल बेरीज ३०, काळ गेल्या सात दिवसांचा, वेळ पाच मिनिटे. ८४ मातांची उत्तरे तज्ज्ञांच्या मुलाखतींशी ताडून पाहिली गेली आणि १२-१३ गुणांपाशी रेषा आखली गेली. रेषेपलीकडे गेलेली आई आजारी ठरत नाही. तिच्याशी कोणीतरी नीट बोलायला हवे, एवढेच ठरते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे होकार आला, तर बेरीज कितीही कमी असो, तिकडे दुर्लक्ष करायचे नसते.

पण नुसते विचारून काय होते? दोन वर्षांनी होल्डन आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर शोधले. ब्रिटनमध्ये नव्या मातांच्या घरी जाणाऱ्या परिचारिका असतात. त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन आठवड्याला अर्धा तास, अशा आठ भेटींत फक्त ऐकायला सांगितले. या भेटी मिळालेल्या २६ स्त्रियांपैकी १८ सावरल्या; न मिळालेल्या २४ पैकी ९. मला तर मूळ मापनश्रेणीपेक्षाही हा निकाल अधिक महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्याकडे येऊ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी गोव्यात २७० गर्भवतींचा मागोवा घेतला. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे आपला सव्वा महिना सरल्यावर, २३ टक्के मातांत नैराश्य होते. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही कारणे अपेक्षितच. तिसरे कारण वाचताना मात्र थांबावे लागते: मुलगी झाली होती. मुलगा हवा असताना मुलगी झाली, की काहीजणींचा धोका वाढत होता. पाळण्यावर झुकलेल्या साऱ्या घराचा चेहरा बाळंतीण पाहतच असते.

यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया सहा महिन्यांनंतरही सावरलेल्या नव्हत्या. आणि त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद: नैराश्य आलेल्यांपैकी ७८ टक्के स्त्रिया गरोदरपणातच मानसिक त्रासात होत्या. म्हणजे सव्वा महिन्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. पोट तपासायला त्या दवाखान्यात येत होत्या, तेव्हाच त्यांना विचारता आले असते.