नऊवारीवरचा उजेड

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याच्या उत्तरेला घोड नदी आणि दक्षिणेला भीमा. भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. हा सगळा पट्टा जत्रांचा आणि तमाशाचा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची पंचमंडळी यात्रेची सुपारी द्यायला तिकडे जातात. याच शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या बशीर मोमीन कवठेकरांनी तमाशाच्या फडांसाठी वगनाट्यं आणि लावण्या लिहिल्या. राज्य शासनाचा २०१८चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. लावणीचा शब्द कसा लिहिला गेला, कोणी गायला, याच्या आठवणी या भागात अजून सांगितल्या जातात. लावणी ज्या उजेडात पाहिली गेली, त्या उजेडाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

तो इतिहास आता सांगायला हवा, कारण नृत्याच्या व्हिडिओंमध्ये सध्या एक तंत्र रुळू लागलं आहे. काळोख्या खोलीत पांढरे किंवा फिके कपडे घातलेली नर्तकी उभी राहते आणि प्रोजेक्टरमधून पैठणीचा मोर, इरकलीचा काठ, खणाची बारीक नक्षी तिच्या अंगावर सोडली जाते. कापड कोरं, नक्षी उजेडाची. पाहणाऱ्याला हे आजचं, संगणकाच्या पोटातून निघालेलं वाटतं. प्रत्यक्षात त्याची मुळं १८९२ या एका सालापर्यंत जातात, आणि त्यातलं एक मूळ कल्याणात आहे.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी त्या साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हाताने चित्रं रंगवायची, त्या कंदिलातून पडद्यावर मोठ्या करायच्या आणि एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था झपाझप बदलून हालचालीचा भास उभा करायचा, अशी ती करामत होती. सोबतीला निवेदन आणि संगीत. रामायण-महाभारतातल्या कथांबरोबर सर्कशीचे प्रसंगही त्यात होते. लुमिएर बंधूंची हलती चित्रं ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, तेव्हा पटवर्धनांचे खेळ पाहिलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरची हालचाल अगदीच परकी नव्हती.

कंदिलाच्या कारागिरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असे. काचेवर पात्र रंगवलं की त्याच्या भोवतालची जागा काळ्या रंगाने बुजवायची. काळ्यातून उजेड जात नाही, म्हणून पात्र पडद्यावर चौकटीशिवाय, अधांतरी दिसतं. आज संगणकावर नक्षी तयार करणारा माणूसही पार्श्वभूमी काळीच ठेवतो. नाहीतर नर्तकीच्या मागच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन पडतो आणि सगळं सोंग उघडं होतं.

दुसरं मूळ पॅरिसमधलं. नोव्हेंबर १८९२ मध्ये फोली बेर्जेर या रंगमंचावर लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी नाचायला उभी राहिली. अंगावर वारेमाप घेराचं पांढरं रेशीम, दोन्ही हातांत काठ्या आणि त्या काठ्यांना जोडलेलं कापड. हात फिरवले की रेशमाच्या लाटा उठत आणि त्यांवर वेगवेगळ्या बाजूंनी रंगीत उजेड पडे. पुढे तिने रंगवलेल्या काचांमधून चित्रंही त्या कापडावर सोडली. काठ्या लावलेल्या या पेहरावाचं पेटंट तिने १८९४ मध्ये अमेरिकेत घेतलं. कल्याणात चित्र हलत होतं आणि पडदा स्थिर होता. पॅरिसमध्ये पडदाच नाचत होता. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं काही कारण नाही, पण आजच्या व्हिडिओला दोन्ही लागतात: पटवर्धनांची काच आणि फुलरचं कोरं रेशीम.

आपल्या रंगमंचावर मात्र कापड कोरं कधीच नव्हतं, आणि मुद्दा तिथेच आहे.

पेशवाईतल्या लावणीचा मोठा शाहीर परशराम जातीने आणि धंद्याने शिंपी होता. त्या काळातल्या लावण्या साडी-चोळीच्या तपशिलांनी भरलेल्या आहेत. चंद्रकळा, पैठणी, शालू ही नावं ऐकणाऱ्याला समजावून सांगावी लागत नसत. थोरल्या माधवराव पेशव्यांनी पैठणहून लाल, हिरव्या, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी रंगांचे असावली दुपट्टे मागवल्याचा उल्लेख मिळतो. मागवणाऱ्याला नक्षीचं नाव आणि रंगाची छटा दोन्ही नेमकी सांगता येत होती. नर्तकीची नऊवारी पाहणारा रसिकही तेवढाच जाणता असे.

आणि तो ती पाहत असे दिवटीच्या उजेडात. तेलाच्या ज्योतीचा उजेड पिवळसर, खालून-बाजूने येणारा आणि सतत थरथरणारा. अशा उजेडात रेशमाचा गर्द रंग जवळजवळ काळा दिसतो आणि जर तेवढी पेटून उठते. गिरकी घेतली की कासोट्यावरचा काठ आणि पदराची जर यांच्या रेषा अंधारात ओढल्यासारख्या दिसायच्या. जरीचे काठ ठसठशीत असण्याला श्रीमंतीखेरीज हेही कारण असणार: लांबच्या प्रेक्षकाला शरीराची हालचाल काठावरूनच कळत होती. पुढे गॅसबत्ती आली. तिचा पांढरा, झगझगीत उजेड वरून पडू लागला, आणि ज्योतीच्या थरथरीतून जरीला मिळणारा जिवंतपणा कमी झाला. विजेचे झोत आल्यावर टिकल्या आणि चकाकणारं कृत्रिम रेशीम फडावर आलं. त्याला अभिरुचीची घसरण म्हणण्याची घाई करू नये. उजेड बदलला की कापडाला बदलावंच लागतं. फडावरच्या बायकांनी ते रोजच्या अनुभवातून ओळखलं होतं.

उजेड आणि चित्र यांचा खेळ महाराष्ट्राला तसा जुनाच. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि दिव्यासमोर धरायच्या चामड्याच्या बाहुल्या असे तिन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी अशीच कथाचित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. त्या चित्रांतल्या स्त्रियांच्या साड्यांकडे मुद्दाम पाहावं. ठिपके, पट्टे, काठ एवढ्यावर चित्रकाराने वस्त्र उभं केलं आहे.

सिनेमाने हा प्रश्न नव्याने मांडला. मूकपटांच्या काळातली फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल साडी पडद्यावर काळी दिसे, निळी फिकी पडे. तेव्हा साडी निवडताना डोळ्यांना काय दिसतं याला अर्थ नव्हता. फिल्मला काय दिसतं ते महत्त्वाचं. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचं धाडस केलं. त्याच्या प्रती जर्मनीत काढून घेतल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली, तेही याच वर्षी. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी मात्र रंगाचा नाद सोडला नाही. १९५५ मधल्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये टेक्निकलरचे रंग आणि कनू देसाईंचं कलादिग्दर्शन यांच्या जोरावर त्यांनी नृत्य, वस्त्र आणि नेपथ्य एकाच चित्रासारखं बांधलं. १९७२च्या ‘पिंजरा’त तमाशाची नऊवारी रंगांत आली आणि संध्याबाईंच्या हालचालींसोबत तिचे काठही घराघरांतल्या लोकांच्या लक्षात राहिले. इतकं करूनही नक्षी कापडावरच होती. उजेडाचं काम ती दाखवण्याचं.

नक्षीच उजेडातून अंगावर टाकायची, हे पाऊल सिनेमात ठळकपणे पडलं ते १९६३ मध्ये. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटाच्या सुरुवातीला रॉबर्ट ब्राउनजॉनने श्रेयनामावलीची अक्षरं नाचणाऱ्या स्त्रीच्या अंगावर सोडून चित्रित केली. त्याच दशकात अमेरिकेत ऑल्विन निकोलाय हा नृत्यदिग्दर्शक हाताने केलेल्या स्लाइड नर्तकांच्या अंगावर टाकत होता. त्यानंतर यंत्रं सुधारली, स्वस्त झाली, आणि आज शिरूरसारख्या ठिकाणी लग्न-समारंभाचं चित्रीकरण करणाऱ्या माणसाकडेही असा व्हिडिओ करण्याजोगा प्रोजेक्टर असू शकतो.

करून पाहणाऱ्याला अडचणी लगेच भेटतात. समोरून एकच प्रोजेक्टर लावला तर नर्तकीचे डोळे दिपतात आणि मागे तिचीच सावली पडते. म्हणून दोन प्रोजेक्टर तिरके, दोन बाजूंनी लावतात. गर्द रंगाची साडी उजेड गिळते, खरी जर तो भलतीकडे परतवते. कॅमेऱ्याचा शटर प्रोजेक्टरशी जुळला नाही तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने बहुतेकजण सेकंदाच्या पन्नासाव्या भागापासून सुरुवात करतात. या सगळ्यावर उपाय आहेत.

ज्यावर सहज उपाय नाही, ती गोष्ट गिरकीत दिसते. विणलेला काठ कापडाबरोबर फिरतो, चुणीत दडतो, पाय उचलला की उलगडतो. प्रोजेक्टरचा काठ हवेत जागच्या जागी असतो आणि नर्तकी त्याच्यातून निघून जाते. मोर तिच्या खांद्यावर होता, ती वळली, आता तो पाठीवर आहे, पण त्याने जागा सोडलेली नाही. नर्तकीच्या हालचालीचा माग काढून चित्र त्याबरोबर सरकवणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. त्यांनाही चुणी कळायला जड जातात. तरीही काही वेळा ही विसंगतीच सुंदर दिसते, विशेषतः संथ अदाकारीत, जिथे मान आणि मनगट यांच्यापलीकडे फारसं काही हलत नाही. द्रुत ढोलकीवर ती टिकत नाही.

आणखी एक गोष्ट नक्षीच्या आत आहे. पैठणीच्या काठात-पदरात आडवा धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत नाही. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. ती आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या धाग्यात अडकते आणि परत फिरते. म्हणून पैठणीच्या मागच्या बाजूला लोंबते धागे नसतात, दोन्ही अंगं सारखी. म्हणूनच मुनियाची, म्हणजे पैठणीवरच्या पोपटाची, चोच गोलाकार नसते. ती धाग्याधाग्याच्या पायऱ्यांनी उतरते. संगणकावर हीच मुनिया गिरवताना बहुतेकजण चोच गुळगुळीत वळणाची करतात आणि पोपट कुठल्याही शुभेच्छापत्रावरचा होऊन जातो. पायऱ्या तशाच ठेवल्या, धागे मोजून चौकोनांच्या कागदावर नक्षी उतरवली, तर प्रोजेक्टरमधूनही ती विणलेली वाटते. धूपछाव मात्र उजेडाला साधत नाही. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. साडी हलली की रंग पालटतो. तो पालट पाहणाऱ्याचा डोळा आणि कापड यांच्या कोनातून येतो. प्रोजेक्टर एकच रंग टाकतो, तो सगळीकडून तोच दिसतो.

येवल्यात भरगच्च पदराची एक पैठणी मागावरून उतरायला कित्येक महिने लागतात. तिचं छायाचित्र काढून, पार्श्वभूमी काळी करून प्रोजेक्टरला द्यायला एक दुपार पुरते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते त्या नावाने विकल्या जाणाऱ्या कापडाची राखण करतं. उजेडाच्या रूपाने एखाद्याच्या अंगावरून सरकलेल्या मोराला विणकर आपला म्हणू शकेल, अशी सोय त्यात नाही. जुन्या फडावर नर्तकी साडी नेसून उभी राहायची तेव्हा विणकराला त्या साडीचे पैसे मिळालेले असत. नव्या व्हिडिओत साडी कोरी झाली आणि साखळीतला नेमका तो माणूस गळला. या तंत्राबद्दल आक्षेप घ्यायचा तर एवढ्या एकाच गोष्टीचा घ्यावा. बाकी ते लावणीला शोभेल असंच आहे.

त्यामुळे शिरूर-दौंडकडच्या, किंवा कुठल्याही गावच्या, ज्या तरुण मंडळींना असा व्हिडिओ करायचा असेल, त्यांना दोन विनंत्या. नक्षी इंटरनेटवरून उचलू नका. घरातल्या आजीची साडी, येवल्याचा माग, नाहीतर आपल्याच भागातल्या धनगराचं घोंगडं जवळून पाहा आणि धागे मोजून उतरवा. आणि व्हिडिओच्या शेवटी गायक, ढोलकीवाला, नर्तकी यांच्या नावांखाली नक्षी कोणत्या गावच्या कोणत्या विणकराची, ते त्याच्या संमतीने लिहा. व्हिडिओला चार पैसे मिळाले तर त्यातला त्याचा वाटा त्याच्या घरी पोहोचवा.