नौकाचित्रे व नौकाशिल्पे (छत्रपती संभाजीनगर जिल्हा)

समुद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही प्राचीन भारतीय जहाजांची महत्त्वाची चित्रे या जिल्ह्यात आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेणीतील पाचव्या-सहाव्या शतकातील जहाज त्यांत सर्वांत मोलाचे. तीन उंच डोलकाठ्या, त्यांवरची उभट शिडे, नाळेवर रंगवलेला डोळा, मागे सुकाणूचे वल्हे आणि ओळीने मांडलेले रांजण इतक्या बारकाईने आले आहेत, की चित्रकाराला जहाजांची चांगली माहिती असावी. प्रसंग सोपाऱ्याच्या पूर्ण या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेतला: चंदन आणायला गेलेला त्याचा भाऊ वादळात सापडतो. सतराव्या लेणीत सिंहल या व्यापाऱ्याच्या कथेत हत्ती-घोडे वाहणाऱ्या नावा दिसतात.

शहरालगतच्या औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेणीत बोधिसत्त्व अवलोकितेश्वराभोवती आठ महाभये कोरली असून त्यांत बुडत्या नौकेचे भय आहे. व्यापारीवर्गाची भीती आणि श्रद्धा येथे थेट दगडात उतरली आहे.

याच जिल्ह्यातील पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्यांची जहाजछाप शिशाची नाणी मात्र मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर सापडतात.

ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून नव्या प्रती केल्या. त्यांपैकीही काही १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.