कृषक दिन : १ एप्रिल १९५७ रोजी कूळ मालक कसे झाले?

१/ जुन्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा दिसला, तर ती जमीन कधीकाळी कुळाने कसलेली आहे, असे खुशाल समजावे. या एका ओळीमागे मुंबई प्रांतातील सुमारे दोन दशकांचा संघर्ष आहे.

२/ सुरुवात कोकणापासून करू. खोत हा मुळात सरकारचा महसूल गोळा करणारा. पुढे तो गावचा धनीच होऊन बसला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी संप पुकारला आणि शेते पडीक ठेवली. संप १९३९ पर्यंत चालला. पेरणी न करणे म्हणजे खोताआधी स्वतःच्याच पोटाला चिमटा घेणे, हे ध्यानात घेतले म्हणजे या सहा वर्षांचे मोल कळते.

३/ १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर धडकला. विधेयक मात्र संमत झाले नाही. खोती कायद्याने संपली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या अधिनियमाने.

४/ १९३९ च्या पहिल्या कूळकायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संकल्पना आणली. १९४८ च्या कायद्याने खंडावर मर्यादा घातली : जिरायतीस पिकाचा एक तृतीयांश, बागायतीस एक चतुर्थांश. अर्धेलीने पीक वाटून देणाऱ्या कुळाला हा मोठाच दिलासा होता. निदान कागदावर.

५/ कारण याच कायद्यात दोन खिडक्या उघड्या होत्या. पहिली, ‘स्वतः कसण्यासाठी’ मालक जमीन परत मागू शकत असे; आणि आपल्या देखरेखीखाली मजुरांकडून कसून घेणे हेही ‘स्वतः कसणे’च ठरे! दुसरी खिडकी राजीनाम्याची. कूळ राजीखुशीने जमीन सोडू शकत असे. अट एवढीच, की राजीनामा लेखी असावा आणि मामलेदारापुढे त्याची पडताळणी व्हावी.

६/ आता ‘राजीखुशी’ म्हणजे काय? अनेकांची कूळवहिवाट तोंडी. खंडाची पावती नाही, कबुलायत नाही. लग्नकार्याला उसने धान्य त्याच मालकाकडून, अडीनडीचे कर्जही त्याच्याकडूनच. अशा माणसापुढे राजीनाम्याचा कागद आला, तर तो अंगठा कशाच्या बळावर नाकारणार? मामलेदाराच्या कचेरीत विचारला जाणारा प्रश्न कायद्याचा असे. उत्तर मात्र गावातच ठरून आलेले असे.

७/ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातून दिसले ते हेच : संरक्षण असूनही कुळांच्या हातून जमिनी जात होत्या आणि त्यांपैकी बऱ्याच ‘स्वेच्छेने’ सोडलेल्या होत्या.

८/ मग १९५६ ची दुरुस्ती आली. तिने प्रश्नच उलटा केला. कुळाने खरेदी मागायची गरज उरली नाही. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ ते कायद्यानेच खरेदीदार मानले गेले. किंमत आकाराच्या २० ते २०० पट या मर्यादेत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची, कुळाने ती हप्त्यांनी फेडायची. या दुरुस्तीला आव्हान दिले गेले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

९/ तरीही मेख होतीच. कलम ३२ ग खालील चौकशीला कूळ हजर राहिले नाही, किंवा ‘घ्यायची नाही’ म्हणाले, तर खरेदी निष्फळ ठरे. मालक विधवा वा अज्ञान असल्यास खरेदी पुढे ढकलली जाई आणि नंतर मुदतीत नोटीस देण्याचे काम कुळावर येई. मुदत चुकली की पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट धोक्यात.

१०/ मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा, विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा लागू होता; त्यांची कथा निराळी.

११/ राहिला कलम ४३ चा शेरा. कुळाकडून जमीन पुन्हा सावकाराच्या घशात जाऊ नये, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्रीस बंदी होती. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीनंतर १० वर्षे झाली असल्यास, आकाराच्या ४० पट नजराणा भरून, ती विकण्याची वाट मोकळी झाली.