नावांचा कारभार आणि घरातील गाळणी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पार सिरोंचा-भामरागडपर्यंत पसरलेल्या अरण्यप्रदेशाचा कारभार एकाच ठिकाणाहून पाहणे सोपे नव्हते.

योगायोग असा की, त्याच महिन्यात अमेरिकेत संगणकांच्या नावांसाठीही असाच उपाय सुचवला गेला. तोवर जाळ्यातील सर्व संगणकांची नावे व त्यांचे अंकी पत्ते कॅलिफोर्नियातील एका संस्थेच्या एकाच यादीत असत. एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळी आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले, तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. झॉ-सिंग सू व जॉन पोस्टेल यांनी नावांची उतरंड सुचवली. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी त्या कल्पनेवर उभी राहणारी प्रणाली मांडली. तीच डीएनएस. वरच्या कचेरीने फक्त खालच्या कचेरीचा ठावठिकाणा सांगायचा. तपशिलाची नोंद खालच्या कचेरीने ठेवायची. भारताची ‘डॉट इन’ ही शाखा १९८९ मध्ये सुरू झाली. २००५ मध्ये नवी व्यवस्था येण्यापूर्वी तिची नोंदवही मुंबईतील एनसीएसटी ही संस्था सांभाळत असे.

एखादे संकेतस्थळ उघडण्यापूर्वी त्याचा पत्ता कोणाला तरी विचारावा लागतो. कोणाला विचारायचे, हे मात्र आपण ठरवू शकतो. घरातील गाळणीचे तत्त्व एवढेच. १ एप्रिल २०२० रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीने कुटुंबांसाठी अशी मोफत सेवा सुरू केली. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे भरायचे. मग यादीतील अश्लील वा घातक स्थळाचे नाव विचारले, तर ०.०.०.० असे निरुपयोगी उत्तर येते आणि ते स्थळ उघडत नाही.

परंतु गाळणीला नाव दिसते, पान दिसत नाही. चांगल्या स्थळावरचे एखादे वाईट पान ती अडवू शकत नाही. यादीही माणसेच करतात. ही सेवा सुरू झाली त्याच दिवशी समलिंगी व्यक्तींसाठी माहिती देणारी स्थळेही अडली. कंपनीला चूक मान्य करून ती सुधारावी लागली. शिवाय फोन सिमकार्डाच्या डेटावर गेला, की राउटरचा पहारा संपतो. आपल्या अनेक गावांत तर घरी राउटर नाही, फोनच आहे. नव्या अँड्रॉइड फोनमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’ या पर्यायाने तिथे हेच काम साधते, पण तो पर्याय मुलांनाही बदलता येतो.

म्हणून गाळणी जरूर लावावी, पण ती काय अडवते, कोणाच्या यादीने अडवते आणि का, हे मुलांना समजावून सांगावे. कारण गाळणी नसलेला फोन त्यांच्या हाती कधीतरी येणारच.