ट्रोलिंग मोटर

लहान मासेमारी होडी संथपणे, आवाज न करता चालवणारी बॅटरीवरची विद्युत मोटर. अमेरिकेतील फार्गो (नॉर्थ डकोटा) येथे ओ. जी. श्मिट यांनी 1934 मध्ये फोर्ड मोटारीच्या स्टार्टरला पंखा जोडून ती बनवली. शेजारच्या मिनेसोटा राज्याचे नाव मिसळून त्यांच्या कंपनीचे ‘मिन कोटा’ हे नाव पडले.

मोटरीची ताकद अश्वशक्तीत नव्हे, तर रेट्याच्या पौंडांत सांगतात. माणसे, बॅटरी, सामान धरून भरल्या होडीच्या दर 100 पौंड वजनामागे किमान 2 पौंड रेटा, हा रूढ ठोकताळा. 500 किग्रॅ.च्या होडीला हिशेबाने 22 पौंड पुरतात. पण वारा हिशेब जाणत नाही. उथळ, हलकी होडी वाऱ्याने सहज भरकटते, म्हणून 40 पौंडांची मोटर घेणे शहाणपणाचे. साधारण 55 पौंडांपर्यंत 12 व्होल्टची एक बॅटरी चालते. पुढे 24 किंवा 36 व्होल्ट लागतात.

खरी फसगत बॅटरीत होते. गाडीची बॅटरी क्षणभर जोरदार प्रवाह देण्यासाठी असते. वारंवार खोलवर उतरवली की लवकर निकामी होते. येथे खोलवर उतरणे सोसणारी डीप सायकल बॅटरीच हवी. पूर्ण वेगात 50 अँपिअर ओढणारी मोटर 100 अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासही चालू देत नाही. वेग निम्मा केला की वेळ कितीतरी वाढतो.

मागच्या फळीवरची मोटर स्वस्त व सोपी; नाळेवरची होडीला ओढत नेते, त्यामुळे दिशा नेमकी राखता येते. मात्र तिचा दांडा लांब हवा, नाहीतर लाटेत पंखा पाण्याबाहेर येतो. खाऱ्या पाण्यासाठी गंजरोधक बनावटीचीच मोटर घ्यावी.