पायपर अल्फा : वाऱ्याची साक्ष

१/ ६ जुलै १९८८. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनपासून सुमारे १९० किलोमीटर दूर, उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर रात्री दहाच्या सुमारास स्फोट झाला. तेथील २२६ जणांपैकी ६१ वाचले. बचावकार्यातील दोघे धरून मृतांचा आकडा १६७ झाला.

२/ वायू नेमका कोठून गळला? ज्या यंत्रसामग्रीत उत्तर दडले होते, ती समुद्रात बुडाली होती. लॉर्ड कलन यांच्या चौकशीपुढे उरल्या मुख्यतः वाचलेल्यांच्या आठवणी. त्यांतली एक मोलाची ठरली. स्फोटापूर्वी वायुगळतीचे इशारे कोणत्या क्रमाने आले, हे नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याने सांगितले होते.

३/ संशय होता कंडेन्सेट पंपावर. दोनपैकी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढून त्या जागी केवळ झाकण बसवले होते. त्या रात्री दुसरा पंप बंद पडला. व्हॉल्व्ह जागेवर नाही, हे ठाऊक नसलेल्या रात्रपाळीने पहिला पंप चालू करण्याची खटपट केली. तर्क सुसंगत होता. परंतु त्याला पुरावा हवा होता.

४/ येथे विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा, कामी आला. स्फोट झालेल्या विभागाची लहान प्रतिकृती त्यात ठेवली गेली. कंडेन्सेटमध्ये मुख्यतः प्रोपेन असतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खाली पसरतो. म्हणून प्रयोगातही तसाच जड वायू आवश्यक होता. मग गळतीची जागा आणि वेग बदलत वायू कोणत्या सूचकापाशी आधी पोहोचतो, हे मोजले गेले.

५/ गळती त्या झाकणापाशी धरली, आधी अल्प आणि मग मोठी, तेव्हा इशाऱ्यांचा क्रम साक्षीशी जुळला. एका माणसाच्या स्मरणाला वाऱ्याने दुजोरा दिला.

६/ वाऱ्याची दुसरी बाजू मात्र भीषण होती. त्यानेच आगीचा धूर निवासी भागावर लोटला. शिकवल्याप्रमाणे माणसे तेथे जमून हेलिकॉप्टरची वाट पाहत राहिली. धुराने वेढलेल्या हेलिपॅडवर ते उतरणे शक्यच नव्हते. निवासी भागातच अनेकांचा अंत झाला. मृतांपैकी बहुसंख्यांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला.

७/ नोव्हेंबर १९९० मध्ये कलन अहवाल १०६ शिफारशींसह प्रसिद्ध झाला. निवासी भागात धूर आणि वायू कसा शिरू शकतो याचा आधीच अभ्यास करावा, संकटात तग धरणारा तात्पुरता सुरक्षित आसरा असावा, हे त्यात होते. १९९२ च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्म सुरक्षित असल्याचे पुराव्यानिशी मांडण्याची जबाबदारी ब्रिटनमध्ये कायद्याने चालकांवर आली.

८/ प्लॅटफॉर्मची प्रतिकृती वाऱ्यात ठेवून पाहणे हा अभियंत्यांचा निव्वळ सोपस्कार नव्हे. पायपर अल्फाच्या बाबतीत वाऱ्याला प्रश्न विचारला गेला तो १६७ जीव गेल्यानंतर. तोच प्रश्न आधी विचारावा, एवढाच या इतिहासाचा आग्रह आहे.